चार मांजरं, एक पिशवी: खाद्य पुरत नाही, मानवत नाही, तर दोष कुठे शोधायचा

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. सात किलोची पिशवी पंधरा-वीस दिवसांत तळाला जाते. बोका गरगरीत होतो आणि त्याच ताटलीत तोंड घालणारी म्हातारी भाटी पाठीचा मणका हाताला लागेल इतकी वाळते. गेल्या महिन्यात चाटूनपुसून खाल्लेलं खाद्य या महिन्यात नुसतं हुंगून सोडलं जातं. रोज कुठेतरी ओकलेलं सापडतं, वाळूच्या ट्रेमध्ये पातळ शी दिसते, पण कोणाची ते कळत नाही. मग दुकानदाराला विचारून दुसरी पिशवी आणली जाते. आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. पुढची पिशवी आणखी महाग असते.

पिशवी बदलणं हा या दुखण्यावरचा पहिला नव्हे, जवळजवळ शेवटचा उपाय आहे. दोष बहुधा मोजण्यात, वाढण्यात किंवा डब्यात असतो. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन-चार जवळजवळ फुकटातल्या आहेत.

त्याआधी एक अपवाद. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, लघवी होत नाही किंवा थेंबभरच होते, अशी स्थिती असेल तर पुढे वाचत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. रात्र असली तरी त्याच रात्री दवाखाना गाठा.

तपासणी १: वजनकाटा आणि वही

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. मांजरांच्या खर्चात इतकी वसूल होणारी दुसरी वस्तू नाही. वाटीने किंवा मुठीने घातलेलं खाद्य रोज वेगळं भरतं. सपाट भरलेली आणि शिगोशीग भरलेली वाटी यांत १५ ग्रॅमचा फरक सहज पडतो. चार मांजरांना रोज १५-१५ ग्रॅम जास्त गेले, तर महिन्याला १,८०० ग्रॅम होतात. म्हणजे सात किलोच्या पिशवीतला पाव हिस्सा कुणाच्या गरजेचा नव्हताच.

किती घालायचं? घरात राहणाऱ्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण इतक्या कॅलरी लागतात: ३ किलोच्या मांजराला १६० ते १९०, ४ किलोच्या मांजराला २०० ते २४०, ५ किलोच्या मांजराला २३५ ते २८०. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला बहुधा ३२५ ते ४०० कॅलरी असतात. त्यामुळे ४ किलोच्या मांजराला दिवसभरात ५५ ते ६५ ग्रॅम पुरतात. पिशवीवरचा तक्ता अनेकदा याहून जास्त सांगतो. तो सुरुवातीचा अंदाज समजा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज मात्र कमी होते, म्हणून ऑपरेशननंतरच्या दोन-तीन महिन्यांत बोके फुगतात. वाढत्या पिल्लाची गरज याउलट वजनाच्या मानाने मोठ्या मांजराच्या दुपटीच्या आसपास असते. पिल्लाला मोजूनमापून उपाशी ठेवू नका.

मांजराचं वजन करायला मांजर कडेवर घेऊन माणसाच्या काट्यावर उभं राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. जुन्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात. त्यापेक्षा प्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा आणि मांजराची टोपली हा जोड बरा. दर पंधरा दिवसांनी वहीत प्रत्येकाचं नाव, वजन, खाद्याचे ग्रॅम एवढंच लिहा. दोन महिन्यांत ही वही डॉक्टरांच्याही कामाला येते.

याच टप्प्यावर आणखी एक चौकशी करा: घराबाहेर कोण काय घालतं? चाळीत, बैठ्या घरात किंवा सोसायटीच्या तळमजल्यावर राहणारं मांजर दोन घरी जेवून तिसऱ्या घरी नखरे करतं. उलटही होतं. रात्री उघड्या खिडकीतून येणारा गल्लीतला बोका तुमची ताटली साफ करून जातो आणि नाव घरातल्या मांजराचं होतं. चार रात्री ताटली उचलून ठेवली की उलगडा होतो.

तपासणी २: ताटल्या किती आणि कुठे

एकच मोठी परात दिवसभर भरून ठेवणं सोपं असतं, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. मांजर शिकार एकट्याने करतं आणि एकट्यानेच खातं. शेजारी दुसरं तोंड असलं की दबंग मांजर भराभर गिळतं आणि भित्रं मांजर दोन दाणे उचलून निघून जातं. भांडण दिसायलाच हवं असं नाही. दाराच्या उंबऱ्यावर नुसतं बसून राहणारा बोकाही दुसऱ्याची वाट अडवत असतो.

प्रत्येकाला वेगळी ताटली ठेवा आणि शक्यतो एकमेकांच्या नजरेआड ठेवा: एक ओट्याखाली, एक बाल्कनीच्या दाराशी, एक कपाटावर, एक दुसऱ्या खोलीत. वेळा दोन ठरवा, जमलं तर तीन. वीस मिनिटांनी ताटल्या उचला आणि उरलेलं तोला. कोण किती खातं हे पहिल्यांदा तेव्हा कळेल. ताटली उथळ, रुंद आणि स्टीलची चांगली. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत तेलकटपणा धरतो, त्याला वास येतो आणि मांजर अन्नालाच नकार देतं. वाळूच्या ट्रेजवळ ताटली ठेवू नका. धुवायला भांड्यांचा साबण पुरे. मांजरांच्या जागेत फिनाईल वापरू नका, कारण फिनॉलवर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत.

ओकारीचं कोडंही इथेच बऱ्यापैकी सुटतं. खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत, फारसे आचके न देता, अख्खे दाणे नळीच्या आकारात बाहेर आले तर ते भराभर गिळल्याचं लक्षण आहे. अशा मांजराचं खाणं मोठ्या थाळीत पसरून द्या किंवा दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पहाटे पिवळसर फेस ओकणाऱ्या मांजराचं पोट बहुधा रात्रभर रिकामं असतं. त्याच्या दिवसाच्या हिश्श्यातले दहा-पंधरा ग्रॅम रात्री अकराला द्या. या दोन्हींत न बसणारी उलटी आठवड्यात दोनदा झाली तर डॉक्टर.

पातळ शी कोणाची हे शोधायची एक जुनी युक्ती आहे. संशयिताच्या ओल्या खाद्यात चिमूटभर किसलेलं गाजर मिसळा. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये केशरी कण दिसले की गुन्हेगार सापडला.

तपासणी ३: पिशवी, डबा आणि पावसाळा

हात पुसून पिशवीत घाला आणि दाणे नाकाशी धरा. जुन्या शेंगदाण्यासारखा, उघड्या राहिलेल्या तेलासारखा खवट वास आला तर आणखी कुठली तपासणी करायची गरज नाही. कोरड्या खाद्यावर चव यावी म्हणून चरबीचा थर फवारलेला असतो. पिशवी उघडल्यावर हवा आणि उष्णता लागून तोच थर आधी खवट होतो. माणसाच्या नाकाला कळण्याच्या बरंच आधी मांजराला कळतं. ‘गेल्या महिन्यात खात होतं, आता खात नाही’ या तक्रारीचं सगळ्यात साधं उत्तर हेच. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दाणे सादळतात, त्यावर बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विष यकृतावर जातं. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर पिशवी टाकून द्यायची. उन्हात वाळवून पुन्हा वापरायची नाही.

उघडलेली पिशवी चार ते सहा आठवड्यांत संपली पाहिजे. चार मांजरांचं घर इथे फायद्यात आहे: चौघांना दिवसाला २४० ग्रॅम धरले तर सात किलो २९ दिवस जातात. एका मांजराच्या घरात तीच पिशवी चार महिने उघडी राहील. स्वस्त पडते म्हणून पंधरा किलोची आणलीत तर ६२ दिवस होतात, पावसाळ्यात ते जास्तच. मोठी पिशवी घ्यायचीच असेल तर ओळखीच्या दुसऱ्या मांजरवाल्या घराशी निम्मी-निम्मी करा.

खाद्य मूळ पिशवीतच राहू द्या, तोंड घट्ट गुंडाळून क्लिप लावा आणि पिशवीसकट झाकणाच्या पिंपात ठेवा. पिंपात सुटं ओतलं तर कडांना तेलाचा पातळ थर बसतो, तो खवटतो आणि नव्या खाद्याला नासवतो. जुन्यावर नवं ओतणं तर टाळाच. कोरडं खाद्य फ्रिजमध्येही नको; बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटतो. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या पसरट थाळीत ठेवा. ताटलीभोवती मुंग्यांचा खडू ओढू नका आणि कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. खडूतली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं आणि डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन दोन्ही मांजराला विषारी.

दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत किलोवर मिळणारं सुटं खाद्य घेऊ नका. त्यावर उत्पादनाची तारीख नसते, बॅच क्रमांक नसतो, आत खरंच काय आहे याचा पुरावा नसतो, आणि मूळ पिशवी कधी उघडली ते दुकानदारालाही आठवत नसतं. पंधरा टक्के वाचतात आणि खाद्य खवट निघालं की सगळेच जातात. मुदत जवळ आली म्हणून सवलतीत मिळणारी बंद पिशवी मात्र चालते, फक्त मुदतीच्या आत संपेल का याचा हिशेब आधी करा.

तपासणी ४: वरचं खाणं

‘आमचं मांजर फक्त पिशवीतलं खातं’ असं सांगणाऱ्या घरात आजी सकाळी दूध घालते, मुलं बिस्किट देतात आणि रविवारी सुरमईची डोकी असतात. सगळं लिहून काढा. म्हशीचं दूध १०० मिलिलिटरला १०० कॅलरीच्या आसपास जातं. अर्धी वाटी प्यायलेल्या चार किलोच्या मांजराची जवळपास एकतृतीयांश गरज तिथेच भागते. ते मग ‘खाद्य खात नाही’. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि ढाळ लागतात. आठवडाभर दूध पूर्ण बंद करून शी बघा. अर्ध्या घरांचा प्रश्न इथेच मिटतो.

कांदा-लसूण घातलेला रस्सा, कालवणातला मासा, चिकन मसाल्याचा उरलेला तुकडा बंद. कांदा आणि लसूण शिजले तरी मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. सुकट आणि जवळा खारट असतात, रोजचं खाणं म्हणून नकोत. काही माशांत कच्चेपणी ब१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं, म्हणून मासा उकडून आणि काटे काढूनच द्या. शिजलेलं हाड कधीच नको, ते टोकदार फुटतं.

वरच्या खाण्याचा साधा नियम: दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत. चार किलोच्या मांजराला म्हणजे उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनचे १५ ग्रॅम. चार मांजरांत एक उकडलेलं अंडं वाटलं तरी तेवढंच होतं.

तपासणी ५: शेवटचा बदल किती घाईत झाला

खाद्य एका दिवसात बदललं की तिसऱ्या दिवशी पातळ शी होते आणि नव्या खाद्याला दोष लागतो. जुन्यात नवं पाव हिस्सा तीन दिवस, निम्मं तीन दिवस, पाऊण तीन दिवस, मग पूर्ण. जुनी पिशवी संपायच्या दहा दिवस आधी नवी आणायची शिस्त हवी. पोट नाजूक असलेल्या मांजराला दोन आठवडे घ्या. मध्येच ढाळ लागले तर एक पायरी मागे या. तिसरं खाद्य सुरू करू नका. दर महिन्याला ‘सेल’मध्ये जे असेल ते आणणाऱ्या घरात आतडं कधी स्थिरावतच नाही, आणि असं वाचवलेलं सगळं दवाखान्यात जातं.

मांजर नव्या दाण्यांना शिवत नसेल तर थोडं कोमट पाणी घाला, वास सुटतो. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मात्र कुत्र्यापुरता ठेवा. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत बंद पडायला लागतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत द्या. तेही घेतलं नाही तर डॉक्टर. पिल्लासाठी ही मुदत अर्धा दिवस.

तपासणी ६: जंत आणि पिसवा

खातंय भरपूर, पोट फुगलेलं, अंगावर मांस नाही, केस राठ: हे खाद्याचं काम नसून जंतांचं असू शकतं. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर फीतकृमी. तो बहुधा पिसवांतून येतो, म्हणून पिसवा न काढता नुसती गोळी दिली की दोन महिन्यांत परत. औषध घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून द्या. चारपैकी दोघांना दिलं तर दिलं नाही असंच धरा. कुत्र्याचं पिसवांचं औषध ‘थोडंसं’ लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन ते मरू शकतं.

तपासणी ७: आता लेबल वाचा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर खाद्यावर संशय घ्यायला जागा आहे. पिशवीचा पुढचा भाग बघू नका. तिथलं सामन माशाचं चित्र, रंगीत दाणे आणि ‘प्रीमियम’ हा शब्द माणसासाठी असतो. मागे वळवा आणि बारीक अक्षरं वाचा.

पहिल्यांदा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा नुसतं ‘कम्प्लीट’ शोधा, आणि ते कोणत्या वयासाठी हे बघा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर ते वरचं खाणं आहे, जेवण नव्हे. जेलीतल्या ट्यूनाचे बरेच डबे आणि चाटवायच्या क्रीमच्या नळ्या यात येतात. मांजर त्यासाठी वेडं होतं, आणि फक्त त्यावर ठेवलं तर महिन्यांनी कमतरता दिसते.

मग टॉरिन. हे अमिनो आम्ल मांजराला स्वतः पुरेसं बनवता येत नाही. ते मांसात असतं, धान्यात नसतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं. हृदयविकाराचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. त्यातली आजारी मांजरं बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. कुत्र्याचं स्वस्त खाद्य मांजराला चालत नाही त्याचं हे मोठं कारण: कुत्र्याला टॉरिन बनवता येतं, म्हणून त्याच्या खाद्यात ते घातलेलं असेलच असं नाही, आणि प्रथिनंही कमी असतात. शाकाहारी घरातल्या दूधभातावरच्या मांजराचीही हीच अडचण आहे. अशा घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पिशवीतलं पूर्ण खाद्य हाच मार्ग.

आकडे बघताना पाणी वजा करायला विसरू नका. अमेरिकेतल्या आफ्को या संघटनेच्या निकषाप्रमाणे पाणी वगळून मोठ्या मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के आणि पिल्लं व गाभण मांजरीच्या खाद्यात ३० टक्के प्रथिनं हवीत. स्निग्धांश ९ टक्के. कोरड्या पिशवीवर ३० टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर ३० भागिले ९०, म्हणजे ३३ टक्के. पाऊचवर प्रथिनं फक्त ९ टक्के दिसतात, पण पाणी ८३ टक्के असतं. ९ भागिले १७, म्हणजे ५३ टक्के. पाऊच ‘कमी प्रथिनांचा’ म्हणून नाकारणारे लोक ही वजाबाकी करत नाहीत.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला घटक मांस किंवा मांसाची भुकटी असलेलं बरं. मका आणि तांदूळ पहिल्या दोन जागांवर असतील तर प्रथिनांचा बराच भाग वनस्पतीचा असू शकतो. पण ‘ताजं चिकन पहिलं’ यानेही भुलू नका. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, ते उडाल्यावर चिकन यादीत खाली घसरतं. काळीज (यकृत), फुप्फुस अशा ‘उपउत्पादनां’ना नाक मुरडायचं कारण नाही, मांजर उंदीर खाताना तेच खातं. ‘ग्रेन-फ्री’साठी जादा पैसे मोजणं चार मांजरांच्या घरात बहुधा वाया जातं, धान्याच्या जागी वाटाणा आणि बटाटा येतो, मांस वाढेलच असं नाही.

तपासणी ८: पिशवीचा नव्हे, दिवसाचा भाव

भाव किलोवर ठरवू नका. एका मांजराला एका दिवसाला किती रुपये लागतात ते काढा. समजा पहिली पिशवी ३०० रुपये किलो, १०० ग्रॅमला ३४० कॅलरी. दुसरी ४०० रुपये किलो, १०० ग्रॅमला ४०० कॅलरी. दिवसाला २३० कॅलरी हव्यात. पहिलीचे ६८ ग्रॅम लागतील, २० रुपये ३० पैसे. दुसरीचे साडेसत्तावन्न ग्रॅम, २३ रुपये. किलोला शंभर रुपयांनी महाग दिसणारं खाद्य दिवसाला पावणेतीन रुपयांनीच महाग आहे. चार मांजरांचा महिन्याचा फरक सव्वातीनशे रुपये. तो द्यायचा की नाही हे घराने ठरवावं, पण ठरवताना आकडा खरा असावा. पचायला चांगल्या खाद्यावर शीही कमी पडते, म्हणजे वाळूचाही खर्च थोडा उतरतो.

कॅलरी छापलेल्या नसतील तर अंदाज काढता येतो. १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख (लेबलवरचं ‘अॅश’, म्हणजे खनिजं) वजा करा. राख दिली नसेल तर ८ धरा. उरतात ती कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकांना साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने गुणा. प्रथिनं ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, पाणी १०, राख ८ असतील तर कर्बोदकं ३८ आणि १०० ग्रॅमला ३२३ कॅलरी.

ओल्या खाद्याचा हिशेब वेगळा. ४५ रुपयांचा ८५ ग्रॅमचा पाऊच ७० कॅलरी देत असेल तर फक्त त्यावर एक मांजर दिवसाला दीडशे रुपये खाईल. चौघांना ते परवडत नाही, आणि गरजही नाही. एक पाऊच चौघांत वाटला आणि प्रत्येकाच्या वाट्यात चार चमचे कोमट पाणी घातलं की प्रत्येकी १७-१८ कॅलरी जातात आणि पाणीही पोटात जातं. पाणी कमी पिणाऱ्या, लघवीचा त्रास होऊन गेलेल्या बोक्यासाठी हा पैसा पहिल्यांदा काढून ठेवा. कोरड्या खाद्याचे तेवढे पाच ग्रॅम कमी करायचे.

घरी शिजवून पैसे वाचतात का?

चिकन शिजवून घालणं स्वस्त वाटतं. पण फक्त मांस म्हणजे पूर्ण जेवण नव्हे. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि १०-१५ मिलिग्रॅमच कॅल्शियम असतं. मांजराला ही दोन्ही जवळपास बरोबरीने हवीत. ते जुळलं नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. वाढत्या पिल्लाचं हाड साध्या उडीत मोडतं. रोज काळीज घातलं तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना जुळतात. रोज बांगडा-तारलीसारखे तेलकट मासेच घातले तर इ जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजराला हात लावलेला सहन होत नाही. भातात कालवलेलं चिकन पोट भरतं, एवढंच.

म्हणून चिकन वरच्या दहा टक्क्यांत ठेवा. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं, तर ते बिनमिठाचं पाणी फेकू नका, दाण्यांवर घाला. पूर्ण घरगुती आहारच द्यायचा असेल तर पशुआहाराचं ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडून ग्रॅमवारी आणि पूरक औषधांसकट लिहून घ्या. सगळं धरून तो बेत मध्यम दर्जाच्या पिशवीपेक्षा क्वचितच स्वस्त पडतो.

सगळ्यात अवघड: चौघांच्या चार गरजा

पिल्लू, तरणा जाड बोका, दूध पाजणारी मांजर आणि किडनीचा त्रास असलेली म्हातारी एका घरात असतील तर एकच पिशवी सगळ्यांना बसत नाही. निरोगी मांजरांपुरतं ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं एक खाद्य घेऊन ग्रॅम वेगळे ठेवणं सगळ्यात स्वस्त. डॉक्टरांनी लिहून दिलेलं किडनीचं किंवा लघवीचं खाद्य मात्र त्याच मांजराला गेलं पाहिजे. दोन-तीनपट महाग असतं आणि बोका खाऊन गेला तर आजारीण उपाशी राहते.

मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून उघडणारी ताटली मिळते, पण ती महाग. आधी पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या आणि बारीक मांजर आत शिरेल पण जाडं अडकेल एवढं भोक पाडा. उडी न मारणाऱ्या जाड्यापासून वाचवायचं तर कपाटाचा माथा. काहीच नाही जमलं तर बाथरूमचं दार आणि पंधरा मिनिटं.

जाड्याचं वजन उतरवताना घाई नको: आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे साडेपाच किलोच्या बोक्याचे ५०-६० ग्रॅम. त्याहून वेगाने उतरलं तर यकृताचा वर सांगितलेला धोका आहे.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढचं काहीही दिसलं तर खाद्याशी खेळणं बंद. २४ तास अन्न नाही. दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा उलटीत वा शीत रक्त. पिल्लाला उलट्या, ताप आणि सुस्ती, विशेषतः लसीकरण झालेलं नसेल तर. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार घरातल्या इतर पिल्लांनाही धरतो. दोन दिवसांहून लांबलेले ढाळ. दोन महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा उतरणं, चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम. आठ-दहा वर्षांचं मांजर अधाशासारखं खातंय, पाणी खूप पितंय आणि तरी वाळतंय: थायरॉइड, मधुमेह आणि किडनी बघायला रक्ततपासणी लागते, कुठलीही पिशवी ते बरं करणार नाही. तोंडाला घाण वास येतोय, लाळ गळतेय, दाण्याकडे जाऊन मागे फिरतंय: दात आणि हिरड्या. डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा असेल तर त्याच दिवशी.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बघा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. जाताना वजनांची वही, पिशवीच्या मागच्या बाजूचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो, उलटीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, आणि त्याच सकाळची शी झाकणाच्या स्वच्छ डबीत न्या. वाळू कमीत कमी लागलेली असू द्या. कोणाची शी आहे हे माहीत नसेल तर आदल्या दिवशी गाजर किसा.